बारा आणि सोळाच्या मधली पायरी : जुन्या प्रीमियर किटच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

ड्रमचं किट एकदाचं वाजवण्यालायक झालं. गेल्या दिवाळीत पुणे कॅम्पातल्या अंकलकडून घेतलं होतं, प्रीमियर कंपनीचं, २०चा बेस ड्रम, १२ बाय ८चा वरचा टॉम (बेस ड्रमवर बसणारा छोटा ड्रम), १६ बाय १६चा फ्लोअर टॉम (पायांवर जमिनीवर उभा राहणारा). मापं इंचांत, व्यास बाय खोली. लाल चमकीचं रॅप (बाहेरचं आवरण) आहे, पण खिडकीकडची बाजू ऊन खाऊन विटकरी झालीये. अंकल सत्तरच्या दशकात हॉटेलच्या बँडमध्ये यावर वाजवायचे, नंतर किट पोटमाळ्यावर चादरीत गुंडाळून पडलं ते पडलंच. मी नवीन हेड, म्हणजे ड्रमची पानं, टाकली (वर कोटेड, खाली क्लिअर, दोन्ही एकेरी), हेड ताणायचे सगळे रॉड काढून रॉकेलमध्ये बुडवले, आतली धूळ काढली. धुळीबरोबर एक १९८३ची लग्नपत्रिकासुद्धा निघाली, ती अंकलना परत दिली.

आवाज मस्त आहे. बर्च लाकडाचं पातळ शेल (ड्रमचं नळकांडं), आतून बीच लाकडाच्या कड्या, त्यामुळे ठोका टणक येतो आणि लगेच आवरतो. प्रॉब्लेम दुसराच आहे. आमच्या ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी असतात आणि त्यातले फिल, म्हणजे दोन ओळींमधले छोटे तुकडे, स्नेअरवरून (खाली तारा असलेल्या ड्रमवरून) निघायचं आणि टॉमवरून खाली उतरायचं. मी १२वर येते आणि तिथून एकदम १६वर आदळते. वाड्यातल्या जुन्या जिन्याची मधली पायरी निखळलेली असते ना, अंधारात पाय टाकल्यावर पोटात गोळा येतो, तसं होतं प्रत्येक वेळी. कीबोर्डवाला म्हणतो कुणाला कळत नाही, मला कळतं ना.

तर आता आणखी एक टॉम. कुठल्या साइजचा, हे ठरवायचंय.

९ जून, रविवार

अंकलकडे गेले होते. त्यांचं उत्तर तयारच होतं, "१३ घे बेटा, १२च्या शेजारी लाव, विषय संपला." त्या काळात लुडविग कंपनीचा हॉलीवूड म्हणून सेट असायचा, २२, १२, १३, १६, आणि त्यांच्या सगळ्या मित्रांना तोच हवा असायचा, मिळाला कुणालाच नाही. रिंगो स्टार आधी २०, १२, १४वर वाजवायचा, मग २२, १३, १६ घेतलं आणि शेवटी बीटल्सच्या अखेरच्या दिवसांत १२-१३ दोन्ही लावले, हे अंकलनी बोटं मोजत सांगितलं, जणू काही घरातल्याच कुणाची लग्नं सांगतायत.

मी म्हटलं अंकल, रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सने तर १२ आणि १६वर कित्येक वर्षं काढली. ते म्हणाले, "मग तू पण काढ. मला कशाला विचारायला आलीस?" बरोबर आहे.

एक नियम मात्र मी घालून घेतलाय. या किटला नवीन भोक पाडायचं नाही. बेस ड्रमवर एकाच टॉमचा होल्डर आहे, दोन टॉम लावायचे तर एक तर तो बदलायचा नाही तर दुसऱ्यासाठी भोक पाडायचं, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या शेलला ड्रिल लावलं की ते किट मेलं असं मी समजते. विकायचं नाहीये, तरीसुद्धा. म्हणजे १३ घेतला तरी तो बेस ड्रमवर बसणार नाही, स्टँडवरच जाणार.

१५ जून, शनिवार

आज खरं काम झालं. ऑर्केस्ट्रात अधूनमधून वाजवणाऱ्या एका मित्राकडे नवं किट आहे, त्याचे १३ आणि १४ दोन दिवसांसाठी उचलून आणले, वॅगन आरच्या मागच्या सीटवर सीटबेल्ट लावून. बर्च नाहीयेत, पण साइजचा अंदाज यायला चालतंय. हेड माझ्यासारखीच टाकून घेतली, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

पहिल्यांदा माझे दोन मोजले. फोनवरच्या ट्यूनर ॲपमध्ये १२ येतो १४७ हर्ट्झला, १६ येतो ८२ला. ॲपवर माझा पूर्ण विश्वास नाही, टॉमच्या आवाजात इतके सूर एकात एक असतात की ते गोंधळतं, म्हणून बाबांना पेटी घेऊन बसवलं. बाबा चाळीस वर्षं भजनाला साथ करतायत. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, वरचा पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी), खालचा मंद्रातली पांढरी तीन. ॲपही तेच म्हणत होतं.

मग माझ्या डोक्यात आलं की बरोब्बर मधला सूर कुठला? १४७ आणि ८२ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर ११० येतो जवळजवळ. ११० म्हणजे पांढरी सहा. तिला सा धरा, वरचा १२ झाला शुद्ध मध्यम आणि खालचा १६ झाला मंद्र पंचम. दोन्ही पायऱ्या अगदी सारख्या. बाबा एकदम खूश, म्हणाले हे तर लावूनच ठेवलंय कुणीतरी.

आता बसवून बघायचं. १४ आरामात पांढरी सहावर बसला, हेड ना ढिलं ना ताणलेलं, पोटातून आवाज. १३ पांढरी सहावर आणला तर तो बोलेना, काठी टाकली की ओल्या गादीवर टाकल्यासारखं. त्याला पांढरी सातपर्यंत, म्हणजे १२३-१२४ला नेला तेव्हा खुलला, पण मग १२च्या इतका जवळ आला की फिलमध्ये दोन्ही एकच वाटतात आणि खाली १६पर्यंतचं भगदाड तसंच राहतं.

कागदावर पण हेच येतं. हेड सारखं असेल तर सूर ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे चढतो आणि व्यास वाढला की उतरतो. म्हणजे सूर गुणिले व्यास, त्याचा वर्ग, हे ताणाचं माप. १२चा ताण १०० धरला तर ८२वर असलेल्या १६चा येतो ५५. ११०वर १४चा येतो ७६, आणि १३चा ६६. आदर्श मधला ७४ असायला हवा, १४ जवळजवळ तिथंच. खालचं हेड, आतली हवा वगैरे धरलेलं नाही त्यामुळे हा हिशोब ढोबळच, पण हाताला जे लागत होतं तेच आकड्यात दिसलं म्हणून लिहून ठेवतेय.

ढोल पथकात होते तेव्हा आम्ही हे सगळं कानानेच करायचो. पान ताणायचं, टिपरू मारायचं, पुन्हा ताणायचं. कुणी वर्गमूळ काढलं असतं तर वादकांनी नदीपात्रात ढकलून दिलं असतं.

शेवटी बाबांना पाठ करून बसवलं आणि एकच फिल चार-पाच वेळा वाजवला, कधी १३ने कधी १४ने. न सांगता. दर वेळी त्यांनी १४लाच मान डोलावली. आईला विचारलं तर ती म्हणाली दोन्ही बंद केलेस तर जास्त आवडेल.

व्यास ठरला. १४.

२३ जून, रविवार

व्यास ठरला तरी अर्धंच ठरलं. १४ बाय ८ की १४ बाय १४? (कोण व्यास आधी लिहितं, कोण खोली आधी, अमेरिकन लोक बऱ्याचदा खोली आधी लिहितात, त्यामुळे जाहिरातीत ८ बाय १४ दिसलं की मी दोनदा विचारते. मी व्यास आधी लिहितेय.)

प्रीमियर म्हटलं की १४ बाय ८ला एक वेगळंच वजन आहे. द हू बँडच्या कीथ मूनच्या त्या प्रसिद्ध प्रीमियर किटवर वर ओळीने तीन १४ बाय ८ होते, तिन्ही एकाच मापाचे. माझ्या २०च्या बेस ड्रमवर असलं काही केलं तर मी मागे दिसणारच नाही, माझी उंची पाच फूट एक. तरी स्नेअरच्या स्टँडवर एक १४ धरून, १२च्या उजवीकडे ठेवून पाहिला. झालं काय, राईड सिंबल (ताल धरायची मोठी थाळी) लांब गेली आणि हात सरळ करून वाजवावं लागायला लागलं. अर्ध्या तासात खांदा बोलायला लागला. राईडवर मी पूर्ण कार्यक्रमभर असते, टॉमवर गाण्यात चारदा. चारदा लागणाऱ्या गोष्टीसाठी कायमची लागणारी गोष्ट कोण लांब ठेवेल?

१४ बाय १४ म्हणजे फ्लोअर टॉम, स्वतःच्या तीन पायांवर, १६च्या अलीकडे, उजव्या मांडीजवळ. वर एक, खाली दोन. राईड १२च्या शेजारी रिकाम्या जागेवर, अगदी जवळ. खोलीने सूर फारसा बदलत नाही, पण आवाज रेंगाळतो जास्त आणि १६शी नातं जुळतं, दोघे भाऊ वाटतात. ८ खोलीचा मात्र पटकन बोलतो आणि १२चा भाऊ वाटतो. मला खालच्या बाजूचा भाऊ हवाय.

भोकही पाडायचं नाही, स्टँडही नको. ठरलं, १४ बाय १४, प्रीमियर, जुना.

७ जुलै, रविवार

मागच्या रविवारी पालख्यांमुळे रस्ते बंद, मी घरातच. बाहेर पडता आलं असतं तर पैसे वाचले असते असं आता वाटतंय कारण त्याच दिवशी फोनवर सौदा केला. मुंबईचा एक विक्रेता, जुनी वाद्यं विकतो, १४ बाय १४ प्रीमियर, रंग पांढरा, बॅज शाबूत, नऊ हजार. मी आगाऊ पैसे पाठवले. शुक्रवारी बसच्या डिकीतून स्वारगेटला आला.

सुंदर आहे. शेल सरळ, कड्या घट्ट, क्रोमवर थोडे डाग. रिम (हेड दाबून धरणारी लोखंडी कडी) काढली, जुनं फाटकं हेड काढलं, नवीन १४चं हेड ठेवलं आणि ते बसेचना. शेलच्या कडेवर टेकून राहिलं, डब्याचं झाकण चुकीच्या डब्यावर ठेवल्यासारखं. मला वाटलं हेडचं कडं वाकलंय. दुसरं घेतलं. तेही तसंच. दोन तास वाटत होतं की माझंच काहीतरी चुकतंय.

मग टेप लावली. आताच्या १४च्या टॉमचं शेल बाहेरून मोजलं तर पूर्ण १४ भरत नाही, किंचित कमी असतं, कारण हेडचं कडं त्याच्यावरून सैल उतरायला लागतं. हा पूर्ण १४ भरला, वर केसभर जास्तच.

अंकलना फोन केला तर ते आधी हसले पोटभर. मग सांगितलं. प्रीमियर १९२२ला लंडनमध्ये सुरू झालेली कंपनी, महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले म्हणून लेस्टरजवळ गेली, आणि पूर्वी यांची मापं यांची स्वतःची होती. १२, १४, १६ म्हणायचं पण शेल अमेरिकन १२, १४, १६पेक्षा जरासं मोठं, त्याला हेडही त्यांचीच लागायची. साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी त्यांनी मापं जगाशी जुळवून घेतली. त्याआधीच्या ड्रमना जाणकार प्री-इंटरनॅशनल म्हणतात. माझं किट त्यानंतरचं, म्हणून त्याला बाजारातली हेड मुकाट्याने बसली आणि मला हे कळायची वेळच आली नाही. अंकलना माहीत होतं, पण "तू कुठलं घेतेस ते मला दाखवलंस का?" नाही दाखवलं.

असल्या मापाची हेड परदेशात मिळतात, खास मागवावी लागतात. म्हणजे हेड, कुरियर, कस्टम, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फाटलं तर संपलं. दुसरा उपाय एका ओळखीच्याने सुचवला, भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ एक सुतारकाका आहेत, ते शेल बाहेरून घासून देतील. गेलेही होते. काका जाणते निघाले. टॉम हातात घेऊन बराच वेळ फिरवला, नखाने कड बघितली आणि म्हणाले, "ताई, घासतो मी, पण रॅप काढावं लागेल, मग प्लाय पातळ होईल, आणि मग ही लोखंडी रिम याला मोठी पडेल. तुम्ही एक जुळवाल, दोन बिघडतील." पैसे घेतले नाहीत, चहा पाजला.

विक्रेत्याला विचारलं, तो म्हणतो १४ सांगितलं १४ दिलं. एका अर्थी खरंच आहे. परत घेणार नाही म्हणाला.

२६ जुलै, शुक्रवार

काल पहाटेपासून पावसाने धुमाकूळ घातला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकतानगरीत सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. आमची प्रॅक्टिसची खोली तळमजल्यावर, नदीपासून फार लांब नाही. सकाळी सहाला आम्ही चौघांनी सगळं सामान जिन्याने दुसऱ्या मजल्यावर नेलं. खोलीत पाणी आलं नाही शेवटी, पण भिंती अशा ओल्या झाल्यात की किट आता महिनाभर माझ्या बेडरूममध्ये. या आठवड्यात टॉमचा विचार करायची लाज वाटते खरं तर.

४ ऑगस्ट, रविवार

अंकलच्या चुलतभावाच्या ओळखीत मडगावला एक टॉम निघाला. १४ बाय १४, प्रीमियर, काळा. या वेळी शहाणपणा केला. आधी टॉमवाल्या काकांना सांगितलं की गावातल्या कुठल्याही दुकानातून साधं १४चं हेड आणा, पैसे मी देते, आणि व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर बसवून दाखवा. काकांनी हेड ठेवलं, ते अलगद खाली उतरलं आणि बोटाने गोल फिरवलं तर फिरलं. मी इकडे टाळ्या वाजवल्या. त्यांना कळेना या बाईला काय झालं.

साडेसात हजार, हेडसकट. एक पाय गायब आहे आणि रंग काळा आहे, लाल नाही. रॅप बदलायचं का? नाही. माझ्या लालचा जो उडालेला लाल आहे तो आता कुठल्याच दुकानात मिळणार नाही, नवीन लाल लावला तर तो शेजारी जास्तच परका दिसेल. काळा निदान खोटं बोलत नाही.

पांढरा प्री-इंटरनॅशनल विकायला काढलाय, माप स्पष्ट लिहून.

१८ ऑगस्ट, रविवार

टॉम आला. पहिलं काम कड, म्हणजे शेलची हेड टेकतं ती धार, तपासणे. घरातली सगळ्यात सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा. दिवा घालवला, शेल ओट्यावर उपडं ठेवलं, आत टॉर्च लावला आणि बाहेरून कुठे उजेड फटीतून येतो का बघितलं. एका ठिकाणी, साधारण दोन बोटं रुंद, अगदी बारीक रेघ दिसली. बाकी काळोख. आईला कुकर लावायचा होता आणि ओट्यावर टॉम, तेवढ्यात जे काही बोलली ते इथे लिहीत नाही. ती रेघ मी घासायला गेले नाही, जुन्या प्रीमियरची कड आधीच गोलसर असते, हेड त्यावर बसतं नीट.

क्रोमवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने आणि पाण्याने निघतो, जादू वाटते पण निघतो, फक्त खड्डे पडलेत तिथे काही होत नाही. रॉडना ग्रीस. गायब पायासाठी उरलेले दोन पाय घेऊन भोसरीला गेले, एका वर्कशॉपमध्ये व्हर्नियरने मोजून तसाच रॉड कापून, वरचा बाक देऊन दिला, क्रोम न करता, बफ करून. दोनशे ऐंशी रुपये. खाली लावायचं रबर बोहरी आळीत चार दुकानांत शोधलं, मिळालं नाही, मग घराखालच्या मेडिकलमध्ये कुबडीचं रबर मिळालं ते घट्ट बसलं.

१ सप्टेंबर, रविवार

लावला. पांढरी सहा. पहिला फिल वाजवला आणि स्वतःशीच हसले, १२, १४, १६, पायरी पायरीने खाली. बर्च-बर्च एकमेकांना ओळखतात, मित्राच्या नव्या १४पेक्षा कितीतरी जास्त जुळला.

आणि मग एक नवीन कटकट. १४ वाजवला की स्नेअरच्या तारा खरखरतात. आधी १६ वाजवताना इतकं नव्हतं. स्नेअर १४चाच आणि त्याच्या अगदी शेजारी हा १४, दोघांचे सूर जवळ आले की एक बोलला की दुसरा गुणगुणतो, तंबोऱ्याची तार आपोआप झंकारते तसं. स्नेअरचं वरचं हेड जरा चढवलं, खालच्या हेडचे तारांच्या दोन्ही टोकांजवळचे चार रॉड पाव-पाव फेरी सैल केले, टॉम पांढरी सहापासून एक केस खाली घेतला. ऐंशी टक्के गेलं. उरलेलं बँड वाजत असताना ऐकू येत नाही, आणि बाबा म्हणतात सा जरा उतरलाय. त्यांना ऐकू येतं.

२२ सप्टेंबर, रविवार

गणपती झाले, मंगळवारी विसर्जन, बुधवारी दुपारपर्यंत कान बंद. काल पहिला कार्यक्रम या किटवर, मध्यंतरापर्यंत १४ पाचदा वाजला, मी मोजलं.

अंकल आले होते, पहिल्या रांगेत. नंतर स्टेजवर येऊन वाकून काळ्या टॉमचा पाय बघितला आणि विचारलं, हे रबर कुठून मिळालं? त्यांच्या काठीचं झिजलंय. आज सकाळी दोन आणून ठेवलीत, बुधवारी कॅम्पात जाईन तेव्हा देईन.

पांढरा टॉम अजून विकला गेला नाही. आई त्यावर कुंडी ठेवायची म्हणतीये.